आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : कर्नलमधल्या पानांच्या चुका कशा सापडतात

लिनक्सचे सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाच्या वाट्याला कधी ना कधी ही ओळ येते : ‘बग : बॅड पेज स्टेट इन प्रोसेस’, आणि तिच्यापुढे कुठल्या तरी प्रोग्रॅमचे नाव. कधी डेटाबेस, कधी वेब सर्व्हर, कधी फायलींची यादी दाखवणारी गरीब बिचारी ‘एलएस’ आज्ञा. नवखा माणूस लगेच त्या नावाच्या मागे लागतो, तो प्रोग्रॅम बंद करतो, नवी आवृत्ती टाकतो, आणि आठवड्याने तीच ओळ दुसऱ्याच नावानिशी पुन्हा उमटते. ते नाव गुन्हेगाराचे नसतेच. मेमरीचे बिघडलेले पान परत करायच्या किंवा नव्याने घ्यायच्या क्षणी जो कोणी खिडकीपाशी उभा होता, त्याचे ते नाव. पान बिघडवणारा केव्हाच निघून गेलेला असतो. काही मिलिसेकंदांपूर्वी, नाहीतर काही तासांपूर्वी.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी ही म्हण या बगांसाठीच बेतली असावी. साध्या प्रोग्रॅममध्ये चूक आणि पडझड बहुधा एकाच गल्लीत राहतात. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, पाने सांभाळणारे कोड चुकते एका जागी आणि भोगतो भलताच कोणी. गेल्या वीसेक वर्षांत त्यावर जी साधने निघाली, जे वाद झाले, जी मोडतोड आणि नवी बांधणी झाली, ती सगळी रामेश्वर ते सोमेश्वर हे अंतर कमी करण्याची खटपट आहे. ती बरीच यशस्वी झाली. पण काही आगी अशाही निघाल्या, की तिथे धूरच दिसला नाही.

पेज म्हटल्यावर कोकणातल्या वाचकाला तांदळाची पेज आठवली तर त्यात त्याचा दोष नाही. आपण पान म्हणू. कर्नल सगळी मेमरी सारख्या मापाच्या पानांत वाटतो. इंटेल-एएमडीच्या यंत्रांवर पान ४,०९६ बाइटचे असते. एआरएमच्या ६४ बिटी प्रोसेसरवर ते ४, १६ किंवा ६४ किलोबाइटचे ठेवता येते. कल्पना जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठातले अ‍ॅटलस यंत्र १९६२ साली कामाला लागले, तेव्हा त्याचे पान ५१२ शब्दांचे होते. प्रत्येक प्रोग्रॅमला वाटते की समोरची सलग मेमरी आपल्या एकट्याची आहे. प्रत्यक्षात त्याने उच्चारलेला प्रत्येक पत्ता पेज टेबल नावाच्या कोष्टकातून जातो आणि कुठल्या तरी खऱ्या पानावर पोचतो. हे भाषांतर दर वेळी करत बसायला नको म्हणून प्रोसेसर अलीकडची उत्तरे स्वतःजवळ टिपून ठेवतो. त्या टिपणवहीला टीएलबी म्हणतात.

याशिवाय प्रत्येक खऱ्या पानामागे कर्नल एक नोंद ठेवतो, ‘स्ट्रक्ट पेज’ नावाची, बहुधा ६४ बाइटची. १६ जीबीच्या यंत्रात अशी ४१,९४,३०४ पाने भरतात आणि नुसत्या नोंदींनाच २५६ एमबी लागतात. ही नोंद म्हणजे पानाचा सातबारा. पानावर एकूण किती जणांचा हक्क आहे, ते किती पेज टेबलांत लागले आहे, ते कुठल्या फायलीचे की एखाद्या प्रोग्रॅमचे खासगी, आणि त्यावर बोजा काय : कुलूप आहे का, डिस्कवर लिहिणे चालू आहे का, की ते ‘डर्टी’ आहे, म्हणजे डिस्कवरच्या प्रतीच्या पुढे गेलेले. पहिल्या दोन आकड्यांत नवशिक्याची हमखास गल्लत होते. पान एकाही पेज टेबलात नसले तरी त्यावर हक्क असू शकतो. नेटवर्क कार्ड त्यात थेट माहिती ओतत असेल, किंवा ते एखाद्या पाइपमध्ये, म्हणजे एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे माहिती नेणाऱ्या वाटेत, अडकले असेल. शिवाय पेज टेबलांची मोजणी उणे एकपासून सुरू होते, त्यामुळे कच्चा मेमरी डम्प वाचताना जाणते लोकही क्षणभर अडखळतात.

सातबारा एक सांगतो, आठ-अ दुसरे, आणि वहिवाट तिसऱ्याचीच, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. पानांचे बहुतेक बग याच जातीचे असतात. नोंद, पेज टेबल आणि टीएलबी या तिघांचे एकमत मोडते. हक्काची मोजणी एकाने कमी झाली, की पान वापरात असतानाच मोकळे समजून दुसऱ्याला दिले जाते. एकाने जास्त झाली, की ते कधीच मोकळे होत नाही. पेज टेबल बदलले पण टीएलबी पुसायला उशीर झाला, की दुसरा प्रोसेसर जुन्याच पत्त्यावर लिहीत राहतो. २०१८ मध्ये जॅन हॉर्न या सुरक्षा संशोधकाला मेमरीचा पट्टा एका जागेवरून दुसरीकडे हलवणाऱ्या कोडमध्ये नेमकी अशी फट सापडली. त्यांनीच पुढच्या वर्षी दाखवून दिले, की सुमारे १४० जीबी मेमरी असलेल्या यंत्रावर हक्काचा ३२ बिटी मोजमापक इतका वर नेता येतो की तो फिरून शून्यावर येतो. मोजमापक लिहिणाऱ्याने असे अजस्र यंत्र डोळ्यांपुढे ठेवलेच नव्हते.

पान परत येते तेव्हा कर्नल सातबारा तपासतो : हक्क शून्य, कुठेही लागलेले नाही, मालक नाही, बोजा नाही. यातले एक जरी जुळले नाही तर सुरुवातीला सांगितलेली ओळ छापली जाते, ते पान कायमचे बाजूला टाकले जाते, आणि कर्नलच्या माथी ‘बी’ अक्षराचा डाग लागतो. त्यानंतरच्या प्रत्येक तक्रारीत तो डाग दिसतो, म्हणजे पुढे तपास करणाऱ्याला कळते की घर आधीच बाटलेले होते. एका मिनिटात असे ६० अहवाल झाले, की कर्नल त्या मिनिटापुरता गप्प बसतो. हे शहाणपण अनुभवाचे असावे. पाने बिघडू लागली की एकटी-दुकटी बिघडत नाहीत, आणि अहवाल छापण्यातच यंत्र दमून जाते.

आता प्रेत वाचायची विद्या. कर्नल कोसळताना रजिस्टरे आणि पत्ते छापून जातो, आणि सराईत माणूस कोडकडे बघण्याआधी आकड्यांकडे बघतो. यादीतून काढून टाकलेल्या वस्तूच्या दुव्यांत कर्नल मुद्दाम असा पत्ता ठेवतो जो कधीच खरा असू शकत नाही. सोळाच्या पाढ्यात, म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये, तो ‘डेड’ या अक्षरांनी सुरू होतो. तो दिसला की समजावे, कोणीतरी मेलेल्या वस्तूच्या शेपटीला धरून पुढे चालले होते. छोट्या वस्तूंच्या वाटपावर तपासणी चालू ठेवली असेल तर मोकळ्या केलेल्या जागेत विष म्हणून ‘६बी’ हा बाइट भरला जातो. अक्षरांत तो इंग्रजी लिपीतला छोटा ‘के’. डम्पच्या समासात केकेकेके अशी रांग दिसली, की मोकळ्या जागेतून कोणी वाचले हे तिथेच सिद्ध. पूर्ण पानांसाठीचे विष वेगळे, ‘एए’. सोळाच्या पाढ्यात हे बाइट विचित्र वाटतात. पण वर्षभर डम्प चाळणाऱ्याला ते गल्लीतल्या माणसांच्या चेहऱ्यांसारखे ओळखू येतात.

‘एए’ निवडण्यात एक खुबी आहे. त्याचे बिट एकाआड एक चालू-बंद असतात. पान पुन्हा वाटताना कर्नल हे विष तसेच आहे का ते पाहतो, आणि फरक फक्त एका बिटाचा असेल तर वेगळा संदेश देतो : ‘सिंगल बिट एरर’. सॉफ्टवेअरचा हात सहसा एका बिटावर थांबत नाही, तो चार-आठ बाइट तरी खराब करतो. एकच बिट उलटले असेल तर संशय रॅमच्या पट्टीवर घ्यावा, आणि कोड वाचायच्या आधी मेमटेस्ट रात्रभर चालवावे. हा सल्ला इतका रुक्ष आहे की कोणी ऐकत नाही. बगाच्या शोधात आठवडा घालवून शेवटी पट्टी बदलणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांतला एक आरशात पाहिला आहे. उलट बाजूही खरी आहे. सलग पंक्ती वेगाने पुन्हापुन्हा वाचल्या की शेजारचे बिट उलटतात हे २०१४ मध्ये रोहॅमर नावाने मांडले गेले. २०१५ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने त्याच मार्गाने पेज टेबलातली नोंद फिरवून यंत्राचा ताबा मिळवून दाखवला. त्यानंतर साध्या प्रोग्रॅमना आपली पाने खऱ्या मेमरीत कुठे आहेत हे कर्नलने सांगणेच बंद केले. म्हणजे हार्डवेअरची चूक सॉफ्टवेअरने मुद्दाम घडवलेली असू शकते, आणि तपासणाऱ्याच्या हातातले एक सोयीचे साधन चोरामुळे कुलूपबंद होऊ शकते.

अंतर कमी करण्याच्या साधनांत सगळ्यात सरळ उपाय सगळ्यात महाग आहे. मोकळे झालेले पान कर्नलच्या स्वतःच्या नकाशातूनच काढून टाकायचे. मग कोणी त्याला हात लावला की प्रोसेसर त्याच ओळीवर त्याला धरतो. आग आणि बंब एकाच गावात. डिबग पेजअ‍ॅलॉक नावाची ही सोय फार जुनी आहे. पण तिच्यासाठी कर्नलचा मोठ्या तुकड्यांचा नकाशा पान-पान असा फोडावा लागतो आणि यंत्र रांगू लागते. वर सांगितलेले विष त्या मानाने स्वस्त, पण ते चोरी उशिरा सांगते. पान पुन्हा वाटले जाईपर्यंत कोणी मधे लिहून गेले हे कळत नाही, आणि कळते तेव्हा फक्त एवढेच, की कोणीतरी लिहिले.

हे चित्र २०१५ मध्ये केसॅन नावाच्या साधनाने बदलले. आंद्रे र्‍याबिनिन यांचे हे काम लिनक्स ४.० मध्ये आले. मेमरीच्या दर आठ बाइटांमागे एक बाइट सावलीसारखा ठेवायचा, त्यात लिहायचे की इथे हात लावायला परवानगी आहे की नाही, आणि कंपायलरने प्रत्येक वाचन-लेखनाआधी ती सावली तपासायची. एक अष्टमांश मेमरी गेली आणि वेग सुमारे एक तृतीयांशावर आला. पण मिळाले काय? चुकीचा स्पर्श झाला ती ओळ, वस्तू वाटली ती ओळ आणि मोकळी केली ती ओळ, तिन्ही एकाच अहवालात. पूर्वी जो तपास आठवडे खायचा तो चहा संपेपर्यंत उरकू लागला, असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीशीच होईल.

केसॅनला खरे बळ मिळाले ते दमित्री व्यूकोव्ह यांच्या सिझकॉलरमुळे. हा प्रोग्रॅम कर्नलला रात्रंदिवस वेडेवाकडे पण व्याकरणशुद्ध आदेश देत राहतो आणि काय मोडते ते बघतो. केसॅन नसता तर त्याने केलेली निम्मी मोडतोड कोणाच्या लक्षातच आली नसती. सिझकॉलर नसता तर केसॅन पहारा देत बसला असता आणि चोर त्या रस्त्याने आलाच नसता. दोघांनी मिळून हजारो बग बाहेर काढले.

मात्र हा थाट प्रयोगशाळेतला. चालत्या सर्व्हरवर तिपटीने मंद कर्नल कोण ठेवणार? म्हणून २०२१ मध्ये, ५.१२ या आवृत्तीत, केफेन्स आला. त्याची कल्पना १९८७ मधल्या ब्रूस पेरेन्स यांच्या इलेक्ट्रिक फेन्सची आठवण करून देते : वस्तू पानाच्या कडेला ठेवायची आणि शेजारचे पान कुंपण म्हणून बंद ठेवायचे. केफेन्स प्रत्येक वस्तूला हा मान देत नाही. साधारण दर १०० मिलिसेकंदांनी वाटपातली एक वस्तू उचलतो, एका वेळी फार तर २५५ वस्तूंना कुंपण घालतो, आणि सगळा संसार २ एमबीत भागवतो. एका यंत्रावर तो महिनोन्महिने काही पकडणार नाही. हजारो यंत्रांवर मात्र कुठेतरी कोणीतरी सापडतोच. रेल्वेतल्या तिकीट तपासनिसाचे गणित हेच असते.

मला विचाराल तर या साधनांत सगळ्यात कमी कौतुक झाले ते पेज ओनरचे. कुठले पान कोणी, कोडच्या कुठल्या वाटेने घेतले, एवढीच नोंद ते ठेवते. चूक पकडत नाही, ओरडत नाही. हे काम मेमरीचे कोड सांभाळणाऱ्या अँड्र्यू मॉर्टन यांच्या शाखेत कित्येक वर्षे पडून होते आणि मूळ कर्नलमध्ये न्यायचे कोणी मनावर घेतले नव्हते. जूनसू किम यांनी ते ३.१९ मध्ये, २०१५ साली आत नेले. मेमरी गळत असेल, पण गळती कुठल्याच प्रोग्रॅमच्या नावे दिसत नसेल, तेव्हा या नोंदी गोळा करून सारख्या नोंदींची बेरीज केली की सहसा पहिल्या पाच ओळींतच चोर असतो. केमेमलीक हेच वेगळ्या रीतीने करते, पण त्याचे लक्ष छोट्या वस्तूंवर. सबंध पाने त्याच्या नजरेत नसतात. हा फरक न कळल्यामुळे ‘केमेमलीक तर स्वच्छ म्हणतो’ असे सांगणारे अनेक भेटतात.

एवढे करूनही कर्नल कोसळलाच, तर केडम्प. मेलेल्या कर्नलच्या जागी राखून ठेवलेल्या कोपऱ्यातून दुसरा छोटा कर्नल उठतो आणि पहिल्याची मेमरी डिस्कवर उतरवून ठेवतो. मग ‘क्रॅश’ हा जुना प्रोग्रॅम किंवा ओमर सँडोव्हाल यांचे ड्रगन घेऊन शांतपणे शवविच्छेदन करता येते. ड्रगनमध्ये पायथनमध्ये प्रश्न विचारता येतात. ‘डर्टी आहे पण मालक नाही अशी सगळी पाने दाखव’ असे म्हणता येते, आणि अशा प्रश्नाचे मोल ज्याने हाताने सोळाच्या पाढ्यात बेरजा केल्या त्यालाच कळेल. वेळेच्या शर्यतीतून होणाऱ्या बगांपुढे हे सगळे थोडे लंगडे पडते. तपासासाठी एक प्रिंट घातला की वेळ बदलते आणि बग गायब. तिथे उरतो तो दोन आवृत्त्यांमधले बदल अर्धे-अर्धे करत जाण्याचा खडतर मार्ग. दहा-पंधरा हजार बदल असले तरी चौदा फेऱ्यांत उत्तर येते, अट एवढीच की प्रत्येक फेरीत बग दिसला की नाही हे खात्रीने सांगता आले पाहिजे.

आता धूर न दिसणाऱ्या आगी. वर सांगितलेली सगळी साधने एकच प्रश्न विचारतात : नोंद आणि वस्तुस्थिती जुळते का? दोन्ही जुळत असून दोन्ही चुकीचे असतील तर?

२००६ च्या डिसेंबरात, लिनक्स २.६.१९ येऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा टोरेंट उतरवणारा आरटोरेंट हा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांच्या उतरवलेल्या फायली खराब निघू लागल्या. काही कोसळत नव्हते. फायलीत मधेच शून्यांचे तुकडे, आणि टोरेंटचा हिशेब जुळत नव्हता, म्हणून ते कळले तरी. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्यासह अनेकांनी नाताळचे दिवस त्यात घातले. २९ डिसेंबरला जी दुरुस्ती आली तिच्यातून दिसले ते असे : कर्नल पूर्ण पान डर्टी मानत होता, तर फाइल सिस्टिम त्याच पानातल्या एकेका ठोकळ्याचा वेगळा हिशेब ठेवत होती. पान डर्टी म्हणून जाहीर झाले, मागच्या बाजूने ठोकळे एकेक करून लिहून झाले आणि स्वच्छ ठरले, आणि तेवढ्यात प्रोग्रॅमने त्याच पानात पुन्हा लिहिले. नंतर कर्नलने ‘हे पान लिही’ म्हटले तेव्हा फाइल सिस्टिमने प्रामाणिकपणे उत्तर दिले, की लिहिण्यासारखे काही नाही. दोघांच्या वह्या आपापल्या जागी चोख होत्या. चूक जुनीच होती, २.६.१९ मधल्या नव्या डर्टी-हिशेबामुळे ती फक्त उघड्यावर आली. उपाय एका ओळीचा म्हणावा इतका छोटा होता : लिहायला काढण्याआधी पेज टेबलातल्या डर्टी खुणा पुन्हा एकदा पानावर उतरवून घ्या.

कॉपी ऑन राइटची कथा याहून लांब आहे आणि मला वाटते अजून पुरती संपलेली नाही. एका प्रोग्रॅममधून दुसरा जन्मतो तेव्हा पानांच्या प्रती काढत नाहीत. दोघे एकच पान वाचतात, आणि जो पहिल्यांदा लिहायला जातो त्याला प्रत मिळते. नियम सोपा, पण ‘हे पान आता माझ्या एकट्याचे आहे का?’ हा प्रश्न अवघड. २०१६ च्या ऑक्टोबरात फिल ओस्टर यांना त्यांच्या सर्व्हरवर झालेला हल्ला टिपलेल्या नेटवर्क माहितीत सापडला आणि डर्टी काऊ नावाचा बग जगापुढे आला. प्रोग्रॅमचा एक धागा, म्हणजे थ्रेड, वाचण्यापुरत्या मिळालेल्या फायलीच्या खासगी प्रतीवर लिहायला सांगतो. कर्नल प्रत काढतो, आणि ‘लिहायचे आहे’ ही अट आता पुरी झाली असे समजून सोडून देतो. त्याच क्षणी दुसरा धागा ती प्रत फेकून देतो. कर्नल पुन्हा पान शोधायला जातो, पण आता वाचण्यापुरते, आणि त्याच्या हाती येते मूळ फायलीचे पान. त्यावर लिहिले जाते. या रूपातली ही फट २००७ पासून उघडी होती. दुरुस्तीसोबत टॉरवाल्ड्स यांनी कबूल केले की हा बग आपण अकरा वर्षांपूर्वी एकदा, वाईट रीतीने, बुजवायचा प्रयत्न केला होता. एस३९० या मेनफ्रेम यंत्रांवर अडचणी आल्या म्हणून तो उपाय मागे घेतला गेला होता.

पुढच्याच वर्षी मोठ्या, २ एमबीच्या पानांसाठी हाच दरवाजा पुन्हा उघडा सापडला. २०२० मध्ये जॅन हॉर्न यांनी उलटी बाजू दाखवली : मूल पान पाइपमध्ये ठेवून आपल्या पेज टेबलातून काढते, पालकाला वाटते पान आता आपले एकट्याचे, तो त्यात गुपित लिहितो, आणि मूल ते पाइपमधून वाचते. इथे मोजणी बरोबर होती, पण प्रश्न चुकीच्या मोजणीला विचारला होता. मग हक्कांची एकूण मोजणी पाहायचे ठरले, तर हार्डवेअरने धरून ठेवलेल्या पानांच्या नाहक प्रती निघू लागल्या. अखेर डेव्हिड हिल्डेनब्रांड यांनी २०२२ मध्ये, ५.१९ मध्ये, मोजून अंदाज बांधण्याचा नादच सोडला आणि पानावर ‘हे एकाचेच’ अशी स्वतंत्र खूण ठेवली. इतकी वर्षे ज्या गोष्टीचा तर्क केला जात होता ती सरळ लिहून ठेवली, इतकेच. त्याच वर्षी डर्टी काऊचा आणखी एक अवतार सामायिक मेमरीत सापडला आणि २०१६ ची दुरुस्तीच काढून नवी घालावी लागली.

मॅथ्यू विल्कॉक्स यांचे फोलिओ, जे जानेवारी २०२२ मध्ये ५.१६ सोबत आले, याच दिशेचे आहेत. अनेक पानांचा गठ्ठा असला की त्यातल्या कुठल्याही पानाचा दाखला फंक्शनला देता येई, आणि ते पहिले पान आहे की मधले हे प्रत्येकाने आपले आपण तपासायचे. कोणीतरी विसरायचेच. फोलिओ हा प्रकारच असा की तो मधल्या पानाकडे बोट दाखवू शकत नाही. चूक चालताना पकडायची गरज उरत नाही, कारण ती कंपायलरपुढेच अडते. या बदलाला विरोधही भरपूर झाला, आणि हजारो ठिकाणी कोड हलवण्याची कटकट खरीच होती. पण केसॅनपेक्षाही मोठी मजल मी याला मानेन. अर्थात नवी बांधणी नवे बगही आणते. २०२३ मध्ये ६.४ मध्ये मेमरीच्या प्रत्येक पट्ट्याला वेगळे कुलूप देण्याची सोय आली, वेग वाढला, आणि काही आठवड्यांतच अनेक धाग्यांच्या प्रोग्रॅममधून नवा प्रोग्रॅम जन्मताना मेमरी बिघडू लागली. जन्माच्या वेळी पालकाच्या पट्ट्यांना कुलूप लावायचे राहून गेले होते.

आणि डर्टी पाइप. एप्रिल २०२१ मध्ये जर्मनीतल्या एका होस्टिंग कंपनीत मॅक्स केलरमान यांच्याकडे तक्रार आली : ग्राहकाची वेब सर्व्हरची दैनंदिन लॉग फाइल उघडत नाही. गझिप फायलीच्या शेवटी पडताळणीचे आठ बाइट असतात. ते चुकीचे होते. त्यांनी ते हाताने सुधारले आणि तक्रार मिटवली. काही महिन्यांनी पुन्हा तसेच, मग पुन्हा. रॅमवर संशय घ्यायला जागा नव्हती, कारण खराबी नेहमी फायलीच्या शेवटी आणि नेहमी सारखीच होती.

त्यांनी खराब फायलींची यादी करून तिच्याकडे बघत राहण्याचे काम केले. बहुतेक फायली महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या निघाल्या. दोन सर्व्हर तीच माहिती साठवत होते, पण खराबी फक्त त्याच सर्व्हरवर होती जो ग्राहकांना फायली देत असे. आणि ते आठ बाइट? पहिली दोन अक्षरे ‘पीके’, म्हणजे झिप फायलीची सही; पुढे झिपच्या शेवटी येणाऱ्या सूचीची सुरुवात. ग्राहकाने महिन्याचे लॉग मागितले की सर्व्हर रोजच्या फायली एकामागून एक पाइपमध्ये सोडायचा आणि शेवटी झिपची सूची लिहायचा. शेवटच्या दिवसाच्या फायलीनंतर लगेच सूची. ती सूची पाइपमध्ये जायची ती फायलीत कशी गेली? आणि झिप बनवणाऱ्या प्रोग्रॅमला त्या फायलींवर लिहायची परवानगीच नव्हती. कर्नलला दोष देणे हा शेवटचा उपाय असावा, असे केलरमान स्वतःही मानत होते. तरी त्यांनी दोन चिमुकले प्रोग्रॅम लिहिले : एक फायलीत ‘ए’ अक्षरे लिहितो, दुसरा ती फाइल पाइपमध्ये सोडून त्यामागून ‘बी’ लिहितो. फायलीत ‘बी’ उमटले.

पाइप म्हणजे पानांच्या दाखल्यांची चक्राकार रांग. स्प्लाइस नावाच्या आदेशाने फायलीचे पान प्रत न काढता, आहे तसेच, या रांगेत ठेवता येते. रांगेतल्या प्रत्येक खणावर खुणा असतात, आणि त्यांत एक अशी, की या पानात अजून जागा आहे, पुढचे लिखाण इथेच जोडा. २०१६ मध्ये ४.९ मध्ये आलेली दोन फंक्शने नवा खण भरताना या खुणा पुसायला विसरत होती. तेव्हा त्या शिळ्या खुणांनी काही बिघडत नव्हते. २०२० मध्ये ५.८ मध्ये ‘इथेच जोडा’ ही गोष्ट खुणेवरून ठरू लागली, आणि जुन्या विसराळूपणाला दात फुटले. आता कोणीही वाचण्यापुरती मिळालेली फाइल पाइपमध्ये सोडून तिच्यात लिहू शकत होता.

केसॅन इथे काय करणार? पान जिवंत आहे, हक्काची मोजणी अचूक आहे, पेज टेबल स्वच्छ आहे, लिखाण पानाच्या हद्दीत आहे. न भरलेली जागा वाचली की ओरडणारे वेगळे साधन आहे. पण ती खूण आधीच्या कोणीतरी रीतसर लिहिलेलीच होती, फक्त शिळी. सगळ्या वह्या जुळत होत्या. केलरमान यांनी २० फेब्रुवारी २०२२ रोजी कर्नलच्या सुरक्षा गटाला कळवले आणि ७ मार्चला तपशील जाहीर झाला. या मार्गाने बदललेल्या पानावर डर्टीची खूणही उमटत नाही, त्यामुळे दुसऱ्या कोणी त्या पानाला हात लावला नाही तर बदल डिस्कपर्यंत पोचतच नाही. यंत्र बंद करून चालू केले की फाइल जशीच्या तशी. दुरुस्तीत दोन फंक्शनांत एकेक ओळ वाढली. दोन्ही ओळी एकच काम करतात : खणावरच्या खुणा शून्य करतात.